बोटीचा जीव व्हॉल्व्हात

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. 40 फुटांवर इशारा आणि 45 फुटांवर धोका, हे आकडे सांगलीकराला तोंडपाठ असतात. 2005 च्या पुरात पाणी 53 फुटांच्या पुढे गेले तेव्हा ती हद्द वाटली होती, तीही मागे पडली. एनडीआरएफ, लष्कर, नौदल अशी सगळी पथके सांगली-कोल्हापुरात उतरली. शहरातल्या गल्ल्यांतून आणि पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या गावांतून माणसे बाहेर काढण्याचे पुष्कळसे काम रबरी बोटींनी केले. जुलै 2021 मध्ये पुन्हा महापूर आला आणि पुन्हा त्याच बोटी लागल्या.

या भागात पूर नवा नाही आणि पुरातून माणसे नेण्याचे उपायही नवे नाहीत. गुऱ्हाळघरातली काहील पाण्यात सोडून तीत बायका-मुलांना बसवून नेणे, वाळलेल्या भोपळ्यांची सांगड, लाकडी होडी, ट्रकची फुगवलेली ट्यूब हे सगळे कृष्णाकाठाने वापरले आहे. काहिलीला पंक्चर होत नाही, पण ती गरगर फिरते आणि तिच्यात माणसे मावतात चार. रबरी बोट घडी घालून जीपमधून आणता येते, पंधरा-वीस मिनिटांत फुगवता येते, तारेच्या कुंपणाजवळ किंवा घराच्या पायरीला लावता येते. एका बाबतीत मात्र ती काहिलीपेक्षा नाजूक आहे. तिचा सगळा भार हवेवर असतो आणि ती हवा धरून ठेवण्याचे काम रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या व्हॉल्व्हचे असते. बोट मऊ पडली की आपण कापडात भोक शोधत बसतो. अनुभवी दुरुस्तीवाला आधी व्हॉल्व्ह पाहतो, आणि पुष्कळदा तपास तिथेच संपतो.

दोन किलो हवा, दीड टन उचल

चार-साडेचार मीटर लांबीची, 45 सेंटिमीटर जाडीच्या नळ्यांची बोट घ्या. तिच्या नळ्यांत मिळून साधारण दीड घनमीटर हवा मावते. या हवेचे वजन जेमतेम दोन किलो. पण नळ्या पूर्ण बुडवल्या तर त्या दीड घनमीटर पाणी बाजूला सारतील, म्हणजे सुमारे दीड टन भार उचलतील. एवढा भार कुणी टाकायचा नसतो. बोटीवरच्या पट्टीवर लिहिलेली क्षमता याहून कितीतरी कमी असते, कारण प्रश्न नुसता तरंगण्याचा नसून तोल सांभाळण्याचा असतो. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतलेली बोट उलटून लोक बुडाले. ती मर्यादा का पाळायची, हे त्यानंतर या जिल्ह्याला वेगळे सांगावे लागत नाही.

या बोटीत हवेचा दाब किती असतो? बहुतेक बोटींच्या बाजूच्या नळ्यांत 0.25 बार, म्हणजे सुमारे 3.6 पीएसआय. मोटारीच्या चाकात 30 ते 35 पीएसआय हवा असते, सायकलच्या चाकात 45 च्या आसपास. त्यामानाने बोटीतला दाब अगदीच किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. गोल नळीच्या भिंतीवर येणारा ताण दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराएवढा असतो. साडेतीन सेंटिमीटर रुंदीच्या सायकल टायरची त्रिज्या पावणेदोन सेंटिमीटर. 45 ने गुणले की 79. बोटीच्या नळीची त्रिज्या साडेबावीस, 3.6 ने गुणले की 81. ताण जवळजवळ तेवढाच! नळी जेवढी जाड, तेवढा तिला कमी दाब पुरतो, आणि जास्त दाब तेवढा लवकर फाडतो. म्हणून सातारा-कराड-कोल्हापूर हमरस्त्यावरच्या टायरवाल्याचा कॉम्प्रेसर बोटीला लावायचा नाही. त्याच्या टाकीत शंभराहून जास्त पीएसआय हवा असते. बोटीसोबत येणारा पायपंप हळू भरतो, आणि त्याचा तोच गुण आहे.

आता दाब थोडा कमी झाला तर काय होते ते पाहू. अर्धा मिलिमीटर व्यासाचे, सुईच्या टोकाएवढे भोक घ्या. एवढ्याशा भोकातून 0.25 बार दाबाने तासाला 80-90 लिटर हवा जाते. 500 लिटरच्या एका कप्प्यातून 40 लिटर हवा गेली की दाब एक तृतीयांशाने उतरतो, म्हणजे अर्ध्या तासाचेच काम. एवढ्याने बोट बुडत नाही, पण मधोमध वाकायला लागते. इंजिनाचा जोर बोट पुढे नेण्याऐवजी तिला मोडण्यात जातो, काठावर बसलेली माणसे खाली जातात, लाट आत येते. प्रवाह जोराचा असेल तर बोट वळवणेच अवघड होते.

म्हणूनच अशा बोटींना एक सलग नळी नसते. आतून पडदे घालून तीन ते पाच कप्पे केलेले असतात आणि प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो. एक कप्पा गेला तरी बाकीचे बोट तरंगती ठेवतात. फुगवतानाही एक कप्पा गच्च आणि शेजारचा रिकामा असे करायचे नसते, कारण मधल्या पडद्यावर सगळा दाब एका बाजूने येऊन तो फाटतो. आधी सगळे कप्पे अर्धे भरायचे, मग फेरी मारून प्रत्येकात थोडी-थोडी हवा वाढवत न्यायची.

व्हॉल्व्हच्या आत

हवा एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह न्यूयॉर्कच्या ऑगस्ट श्रेडरने 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला आणला. मोटारी, मोटारसायकली आणि ट्रक यांच्या चाकांत आजही त्याच्याच नावाची पिन आहे. आपल्या साध्या सायकलींना दुसरा प्रकार असतो. पितळी नळीवर रबराची बारीक नळी चढवलेली, हवा आत जाताना रबर फुगते आणि परत येताना चिकटून बसते. ते रबर चिरले की सायकलच्या दुकानात पाच मिनिटांत नवे चढवून मिळते.

बोटीचा व्हॉल्व्ह याहून मोठा असतो, कारण दाब कमी पण हवा भरपूर भरायची असते. त्याचे दोन मुख्य तुकडे असतात. एक नळीच्या आतल्या बाजूला बसणारी रुंद नट, दुसरा बाहेरून तिच्यात आटे फिरवून बसवलेला भाग. या दोहोंच्या मध्ये बोटीचे कापड दाबून धरलेले असते. बाहेरच्या भागात मधोमध दांडी, तिच्याभोवती स्प्रिंग आणि तळाशी रबराची चकती. स्प्रिंग चकतीला वर खेचून बैठकीवर दाबून ठेवते. पंपाची हवा आली की चकती खाली सरकते, हवा थांबली की परत बसते. दांडी दाबून थोडी फिरवली की ती खालीच अडकते आणि बोट रिकामी होते. सगळ्यांत वर झाकण आणि झाकणाखाली वायसर. हे झाकण नुसते धूळ अडवायला नसते. चकतीतून थोडी हवा निसटली तर ती अडवणारी दुसरी फळी तेच असते. बोटी वापरणारे पुष्कळ जण झाकण हरवून बसतात आणि मग कापडाला दोष देतात.

एवढी रचना कळली की हवा कुठून जाऊ शकते, हे आपोआप कळते. चकतीच्या बैठकीवरून, व्हॉल्व्ह आणि कापड यांच्या सांध्यातून किंवा खुद्द कापडातून. चौथी वाट मधल्या पडद्याची. ती असली की हवा बाहेर जात नाही, एक कप्पा भरला की शेजारचा आपोआप ताठ होतो.

समुद्रावरच्या पतंगाचा तोच आजार

हाच आजार एका वेगळ्याच वस्तूला होतो. काइटसर्फिंगचा पतंग गोव्याच्या किनाऱ्यावर मोरजी-अश्वेच्या बाजूला पाहायला मिळतो. पायाखाली फळी, हातात दांडा आणि वर वाऱ्यावर मोठा पतंग. पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उडवता यावा म्हणून फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगॅन्यू या भावांनी त्याच्या पुढच्या कडेला हवेची नळी घातली आणि 1984 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्या कडेची जाड नळी आणि तिला जोडलेल्या फासळ्या फुगल्या की पतंग आकार धरतो आणि पाण्यावर तरंगतो. मधोमध 22 सेंटिमीटर जाड नळीत सुमारे 7 पीएसआय हवा भरतात. मघाचा गुणाकार इथे केला तर 77 येतात. सायकल, बोट आणि पतंग असे तिघे एकाच ताणावर काम करतात.

फरक रचनेत आहे. रबरी बोटीत एकच कापड दोन्ही कामे करते, ताण सोसते आणि हवाही धरते. पतंगात ही कामे सायकलच्या टायर-ट्यूबसारखी वाटून दिलेली असतात. बाहेरचे पॉलिएस्टरचे विणलेले कापड ताण सोसते आणि आतली पातळ प्लास्टिकची पिशवी हवा धरते. व्हॉल्व्ह या पिशवीला डिंकाने किंवा उष्णतेने चिकटवलेला असतो. उन्हात उभ्या गाडीत पतंग तासन्‌तास पडून राहिला की तो डिंक मऊ होतो आणि व्हॉल्व्हचा तळ कडेने सुटायला लागतो. दुसरा शत्रू म्हणजे वाळू, जी चकतीखाली जाऊन बसते.

सुटलेला व्हॉल्व्ह बदलायचा तर आतली पिशवी बाहेर काढावी लागते. जाणते लोक ती ओढण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना लांब दोरी बांधतात, म्हणजे पिशवी बाहेर आली तरी दोरी आत राहते आणि तिनेच पिशवी परत जागेवर ओढता येते. जुना डिंक पूर्ण काढायचा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवा व्हॉल्व्ह नेमक्या त्याच जागी बसवायचा आणि वजनाखाली दिवसभर दाबून ठेवायचा. जागा बोटभर चुकली तरी पिशवी आत पिळते आणि फुगवताना फाटते. परत घालताना तिला टाल्कम पावडर लावतात, म्हणजे ती कापडाला न अडकता सरकते. नंतर थोडी हवा भरून, चाचपून, पीळ नसल्याची खात्री करून मगच पूर्ण हवा.

गळती की नुसती थंडी?

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक खात्री करावी लागते, ती म्हणजे खरोखर गळती आहे का. दुपारी उन्हात नळी 45 अंशांपर्यंत तापली असताना ती 0.25 बारपर्यंत भरली आणि नंतर बोट 25 अंशांच्या नदीच्या पाण्यात उतरवली, तर हवा आकसून दाब 0.17 बारच्या जवळ येतो. एक कणही हवा न जाता एक तृतीयांश दाब नाहीसा झाला! उलट सकाळी गार हवेत पूर्ण भरलेली बोट दुपारी काठावर उन्हात ठेवली तर दाब 0.33 बारपर्यंत चढतो आणि शिवणी ताणल्या जातात. म्हणून बोट पाण्यात उतरल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा थोडी हवा भरायची आणि बाहेर काढून उन्हात ठेवताना थोडी सोडायची. गळतीची परीक्षा सावलीतच घ्यायची. सकाळी ठरलेल्या वेळी दाब मोजायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजायचा. तापमान तेच असेल आणि दाब बराच उतरला असेल, तर गळती खरी.

शोधण्याचे साधन जुनेच आहे. बादलीत पाणी, त्यात भांडी धुण्याचा साबण आणि एक ब्रश. झाकण काढून व्हॉल्व्हवर फेस लावायचा. फुगे मधोमध, दांडीभोवती आले तर दोष चकतीचा. फुगे कडेने, व्हॉल्व्ह आणि कापड यांच्या सांध्यावर गोलाकार आले तर व्हॉल्व्ह सैल झाला आहे. दोन्हीकडे काही नसेल तेव्हाच शिवणी, जुनी ठिगळे, कड्या चिकटवलेल्या जागा आणि शेवटी बाकीचे कापड. बारीक गळतीचा फुगा लगेच दिसत नाही. मिनिटभर थांबले की पांढऱ्या फेसाचा छोटा पुंजका वाढत जातो.

कचरा काढा, पाना फिरवा, मग ठिगळ

चकती गळत असेल तर नव्वद टक्के काम स्वच्छतेचे असते. कृष्णेच्या पुराच्या पाण्यात काळ्या मातीचा मेणासारखा गाळ, उसाच्या पाचटाचे तुकडे आणि बारीक रेती असते. त्यातला एखादा धागा चकतीखाली अडकला की ती नीट बसत नाही. कप्पा भरलेला असताना दांडी पटापट दोन-चारदा दाबून सोडायची. जोरात निघालेली हवा पुष्कळदा तो कण घेऊन जाते. एवढ्याने भागले नाही तर हवा काढून स्वच्छ पाण्याने धुवायचे, धागे न सुटणाऱ्या कापडाने चकती आणि बैठक पुसायची, दांडी फिरवून चकतीची जागा बदलायची. रबर कडक झाले, चिरले किंवा त्यावर कायमचा खळगा पडला असेल तर चकती किंवा व्हॉल्व्हचा बाहेरचा भाग बदलायचा. वंगण लावायचेच तर सिलिकॉन ग्रीस. इंजिनाचे ग्रीस, तेल, व्हॅसलीन यांनी रबर फुगते आणि आठवड्याभरात आजार वाढतो.

सांध्यातून हवा जात असेल तर व्हॉल्व्हचा पाना लागतो. हा दातेरी प्लास्टिकचा किंवा धातूचा पाना त्या-त्या व्हॉल्व्हच्या खाचांत बसणारा असतो, म्हणून तो बोटीबरोबरच घेऊन ठेवायचा. कप्पा रिकामा करून आतली नट कापडावरूनच एका हाताने घट्ट पकडायची, दुसऱ्या हाताने बाहेरचा भाग आवळायचा. आतली नट सोडून फिरवले तर ती आत घरंगळते आणि तिला शोधताना सकाळ जाते. आटे प्लास्टिकचे असतात. ताकद लावून आवळले की ते झिजतात आणि मग पूर्ण व्हॉल्व्हच बदलावा लागतो.

कापडाला भोक असेल तेव्हा आधी कापड ओळखायचे. बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत, पीव्हीसी आणि हायपालॉन. हायपालॉन हे ड्यूपाँ कंपनीने एका कृत्रिम रबराला दिलेले नाव. कंपनीने उत्पादन थांबवले, नाव राहिले. पीव्हीसी चकचकीत आणि दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. हायपालॉन फिकट, मंद पोताचे असते आणि आतली बाजू बहुधा वेगळ्या रंगाची असते. दोघांचे डिंक वेगळे. सायकलच्या ट्यूबचे सोल्युशन यांतल्या कशावरही भरवशाने टिकत नाही. दोन भागांचा, कडक करणारे रसायन मिसळून वापरायचा डिंक लागतो.

ठिगळ भोकाच्या चारी बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर मोठे, गोल कोपऱ्यांचे कापायचे. हायपालॉनचे दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासायचे, पीव्हीसीचे द्रावणाने पुसायचे. डिंकाचे पातळ थर द्यायचे आणि शेवटचा सोडून प्रत्येक थर पूर्ण सुकू द्यायचा. शेवटचा थर हाताला किंचित चिकट लागतो तेव्हाच ठिगळ ठेवायचे, मधून कडेकडे रोलर फिरवायचा आणि निदान 24 तास हवा भरायची नाही. द्रावणांच्या वाफा डोक्यात जातात, म्हणून काम मोकळ्या हवेत आणि चुलीपासून दूर.

खरा अडथळा हवामानाचा आहे. डिंक ओलसर हवेत धड पकड घेत नाही, आणि सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये हवा सतत ओली असते. पुराच्या आदल्या दिवशी लावलेले ठिगळ दुसऱ्या दिवशी उचकटते. मे महिन्यात हवा कोरडी असते, पण भर दुपारी द्रावण इतक्या झपाट्याने उडते की डिंक पसरायच्या आत सुकतो. म्हणून एप्रिल-मेमधली सकाळ, सावलीची जागा आणि कोरडे हात.

पावसाच्या आधी

बोटीचे सगळे खर्चिक भाग, म्हणजे कापड, इंजिन, वल्ही, लाइफ जॅकेट, लोकांना दिसतात आणि कागदोपत्री नोंदले जातात. चकती, वायसर, झाकण, पाना यांची नोंद कुठेच नसते, आणि बोट अडते ती नेमकी त्यांच्यासाठी. पुण्याजवळ सुदुंबरे येथे तळ असलेली एनडीआरएफची पाचवी बटालियन येईपर्यंत पहिले काही तास गावालाच काढायचे असतात. कोयनेतून विसर्ग वाढला की कराडच्या प्रीतिसंगमापासून हरिपूरपर्यंतच्या काठावर तास मोजले जातात.

तेव्हा ज्या ग्रामपंचायतीकडे, तरुण मंडळाकडे किंवा पथकाकडे रबरी बोट आहे, त्यांनी मेअखेर ती सावलीत पूर्ण फुगवावी, एक रात्र ठेवावी, दुसऱ्या दिवशी दाब मोजावा आणि प्रत्येक व्हॉल्व्हवर साबणाचा फेस लावून पाहावा. बोटीच्या पिशवीत दोन जादा व्हॉल्व्ह, चार झाकणे, पाना, सिलिकॉन ग्रीसची एक ट्यूब आणि दाबमापक कायम ठेवावा. पाणी ओसरल्यावर बोट धुऊन, पूर्ण वाळवून, सैल घडी घालून उंदरांपासून दूर ठेवावी. हे सगळे सामान एका इंजिनाच्या किमतीच्या कोपऱ्यातही बसत नाही, आणि जूनमध्ये घेतले तर उशीर झालेला असतो.